दूरस्थ रोजगार, सॉफ्टवेअरचे क्षेत्र आणि आपला तरुण
(एक अभ्यास)

संगणकाचे शिक्षण घेतलेली आपली मुले-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. गावी किंवा घरी बसून पुण्या-बंगळूरच्या, नाही तर थेट परदेशातल्या कंपनीचे काम करता येईल का, आणि येत असेल तर ते मिळवायचे कसे? आई-वडिलांचा प्रश्न वेगळा असतो. मुलगा दिवसभर घरात संगणकापुढे बसतो, याला नोकरी म्हणायचे की बेकारी, हेच त्यांना उमजत नाही. या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार व्हावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून आहोत. परंतु पैसा कोठून येतो, कोणत्या वाटेने येतो आणि कोठे गळतो, हे आम्ही रोज पाहतो. उरलेले आम्ही वाचून आणि या क्षेत्रातल्या तरुणांना विचारून समजून घेतले आहे.

काम, गाव आणि जात

आपल्या समाजाच्या दृष्टीने 'काम कोठे बसून करायचे' हा प्रश्न कधीच साधा नव्हता. गावकीत काम जन्माने ठरत असे आणि माणूस त्या कामासकट गावाला बांधलेला असे. वतनाच्या तुकड्याभर जमिनीसाठी सगळ्या कुटुंबाने रात्रंदिवस राबायचे, ही ती व्यवस्था. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही बेडी तोडण्यासाठीच. कनिष्ठ गाव वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरच. खेडे सोडा, शहरात या, असे बाबासाहेब सांगत असत. शहरात कामाचा मोबदला रोख मिळतो, आणि गिरणीत, गोदीत, रेल्वेत माणसाला जन्मावाचून दुसरी ओळख मिळण्याची निदान शक्यता असते.

मग आज 'गावी बसून काम' म्हटले की आपण मागे फिरतो आहोत काय? आमच्या मते नाही. मात्र त्यासाठी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. गावात राहणे वेगळे आणि गावावर अवलंबून राहणे वेगळे. ज्याची मिळकत गावातल्या कोणाच्या मर्जीवर नाही, तो गावात ताठ मानेने राहू शकतो. दूरस्थ रोजगाराचे आपल्या दृष्टीने महत्त्व हेच आहे. मात्र ही वाट आहे तितकीच सांगितली पाहिजे. ती सोपी आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले काही जण त्यासाठी फी घेतात.

आजची खरी स्थिती

घरून काम ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये तेलटंचाईच्या काळात यासाठी 'टेलिकम्युटिंग' हा शब्द रूढ केला. माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे न्यावे, असा त्यामागचा विचार होता. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हे सर्वांत आधी जमले, कारण येथे कच्चा मालही तारेतून येतो आणि पक्का मालही तारेतूनच जातो. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी 'गिट' ही प्रणाली तयार केली. एकाच प्रोग्रॅमवर शेकडो माणसांनी निरनिराळ्या देशांत बसून काम करायचे आणि प्रत्येकाने केलेल्या बदलाची नोंद राहायची, हे तिच्यामुळे सुकर झाले. २००८ मध्ये तिच्यावर आधारलेले 'गिटहब' सुरू झाले. 'ऑटोमॅटिक' आणि 'गिटलॅब' यांसारख्या कंपन्या महामारीच्या आधीपासून याच पद्धतीने चालत आल्या आहेत. गिटलॅबने तर आपल्या कामकाजाची नियमपुस्तिका सर्वांना वाचायला खुली ठेवली आहे. दूरस्थ काम प्रत्यक्षात कसे चालते हे ज्याला पाहायचे आहे, त्याने ती जरूर वाचावी.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हे सगळीकडे पसरले. आपल्याकडेही सरकारने नियम सैल केले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने सेवा केंद्रांवरची बंधने कमी केली, आणि जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांना घरून कामाची परवानगी देणारा नियम झाला. पुढे वारे उलटे फिरले. २०२३ मध्ये टी.सी.एस.ने कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावले. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचा नियम केला. म्हणून 'आता सगळे घरूनच काम करणार' हे जसे खरे ठरले नाही, तसे 'ते सगळे संपले' हेही खरे नाही.

आज दूरस्थ काम तीन प्रकारांनी मिळते.

पहिला प्रकार भारतीय कंपनीतील नोकरीचा. येथे बहुधा काही दिवस घरी आणि काही दिवस कार्यालयात असे असते. पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी, रजा या गोष्टी मिळतात. दुसरा प्रकार परदेशी कंपनीसाठी पूर्णवेळ काम करण्याचा. येथे माणूस एखाद्या मध्यस्थ कंपनीच्या पटावर असतो, नाही तर स्वतंत्र कंत्राटदार असतो. तिसरा प्रकार कामागणिक पैशाचा. 'अपवर्क'सारख्या ठिकाणी लहान लहान कामे घ्यायची, तेथले कमिशन वजा जाता उरेल ते आपले. तिन्ही प्रकारांत कामाचे स्वरूप सारखे असले, तरी कायद्याने मिळणारे संरक्षण मात्र सारखे नाही.

व्यग्घपज्जाला केलेला उपदेश

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात एक सूत्र आहे. भगवान बुद्ध कोलियांच्या प्रदेशात कक्करपत्त नावाच्या गावी असताना दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ त्यांच्याकडे आला. आम्ही बायकामुलांत राहणारी, संसार करणारी माणसे, आमच्या ऐहिक हिताचे काही सांगावे, अशी त्याने विनंती केली. तथागतांनी त्याला, म्हणजे व्यग्घपज्जाला, चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे कामातील कौशल्य व उद्योगशीलता. आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळविलेल्याचे रक्षण. कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत. आणि समजीविता म्हणजे आयव्ययाचा मेळ राखून जगणे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या चार कसोट्या संगणकावरच्या धंद्यालाही तंतोतंत लागू पडतात. तेव्हा त्याच क्रमाने आपण विचार करू.

१. उट्ठानसंपदा

सूत्रात शेती, व्यापार, गोपालन, राजसेवा अशा उद्योगांची नावे घेऊन असे सांगितले आहे की, कोणताही उद्योग असो, माणसाने त्यात निपुण असावे, आळस करू नये आणि त्याचे उपाय विचारपूर्वक शोधावेत. आमच्या मते यातला 'विचारपूर्वक उपाय शोधणे' हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रथम शिक्षण. एक प्रोग्रॅमिंग भाषा खोलवर आली पाहिजे. पाच भाषांची तोंडओळख उपयोगाची नाही. तिच्या जोडीला गिट, माहितीसाठ्याची एस.क्यू.एल. ही भाषा, आणि आपला प्रोग्रॅम बरोबर चालतो हे तपासणाऱ्या चाचण्या लिहिण्याची सवय हवी. यासाठी लाखाची फी भरलीच पाहिजे असे नाही. हार्वर्ड विद्यापीठाचा 'सी.एस. ५०' हा अभ्यासक्रम फुकट पाहता येतो. 'फ्रीकोडकॅम्प' २०१४ पासून विनामूल्य आहे. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटेल'वर आहेत, आणि 'स्वयम्' हे केंद्र सरकारचे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील अनेक पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने सुरुवात येथून करावी. विषय आधी आपल्या भाषेत समजला की पुढे इंग्रजीतून वाचणे जड जात नाही.

दुसरे, इंग्रजीची भीती. दूरस्थ कामात निरनिराळ्या वेळी जागी असणारी माणसे एकमेकांना लिहून कळवितात. काय केले, काय अडले, उद्या काय करणार, हे चार स्वच्छ वाक्यांत लिहिता येणे हे येथे फर्ड्या संभाषणापेक्षा अधिक मोलाचे आहे. रोज संध्याकाळी आपल्या अभ्यासाची दहा ओळींची इंग्रजी टाचणे लिहावीत. सहा महिन्यांत फरक स्वतःलाच दिसेल. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण लिहिणे हे त्यांचे क्षेत्र आहे.

तिसरे, पुरावा. दूर बसलेला मालक आपल्याला पाहत नाही, तो आपले काम पाहतो. म्हणून आपण केलेले काम गिटहबवर उघडे ठेवावे. तेच ते नमुन्याचे हिशेबयंत्र शेकडो अर्जांत असते. त्यापेक्षा खऱ्या माणसांच्या उपयोगी पडणारी एकच गोष्ट पुरी करून दाखवावी. विहाराच्या ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव, संस्थेच्या सभासदांची वर्गणी, वस्तीतील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीच्या अंतिम तारखांची आठवण, अशी कितीतरी कामे आपल्याच अंगणात पडून आहेत. त्याचबरोबर मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना हातभार लावावा. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या प्रणालींच्या मराठीकरणाचे काम स्वयंसेवक करतात. तेथून सुरुवात करून दोष शोधणे व दुरुस्त करणे इथपर्यंत जाता येते. 'गूगल समर ऑफ कोड' हा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात विद्यावेतन मिळते, आणि २०२२ पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. 'आउटरीची' हा कार्यक्रम तर या क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो अशांसाठीच आहे, आणि त्यातील उमेदवारी पूर्णपणे दूरस्थ असते.

चौथे, पहिली नोकरी. येथे आम्ही स्पष्ट सांगतो. अनुभव नसताना थेट दूरस्थ नोकरी मिळणे कठीण आहे. नवख्या माणसाला शेजारी बसलेल्या जाणत्याला विचारत विचारत शिकावे लागते, आणि दूर बसून शिकविण्याची तयारी फार थोड्या कंपन्यांची असते. त्यातच २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली, आणि नवख्यांना दिली जाणारी बारीकसारीक कामे ती करू लागली. म्हणून पुणे, नागपूर, मुंबई, बंगळूर, जेथे मिळेल तेथे पहिली दोन वर्षे कार्यालयात काढावीत, काम शिकावे, माणसे जोडावीत, आणि मग दूरस्थ कामाकडे वळावे. ही माघार समजू नये. यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम वाचून त्यातली चूक दाखविणारा माणूस पुढेही लागणारच आहे, आणि ती नजर अशीच तयार होते.

पाचवे, अर्ज. जाहिरातीत 'दूरस्थ' लिहिलेले असले तरी ते कोणत्या देशापुरते आहे हे आधी पाहावे. बऱ्याच जागा अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच असतात. वेळेचा हिशेब मांडावा. लंडनमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे १.३० आणि हिवाळ्यात २.३० झालेले असतात. न्यूयॉर्कमध्ये ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६.३० किंवा ७.३०. म्हणून युरोपच्या कंपनीबरोबर दिवसा काम जमते, अमेरिकेच्या कंपनीबरोबर रात्र द्यावी लागते. शंभर ठिकाणी एकच अर्ज पाठविण्यापेक्षा दहा कंपन्या नीट अभ्यासाव्यात, त्यांचे सॉफ्टवेअर वापरून पाहावे, आणि 'तुमच्या या कामात मी हे करू शकतो, असे काम मी येथे केले आहे' असे थोडक्यात लिहावे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून अर्ज केलेला बरा. मुलाखत दूरदृश्य पद्धतीने होते आणि बहुधा त्यात समोरच प्रोग्रॅम लिहायला सांगतात. तेव्हा मनात काय चालले आहे ते बोलत बोलत सोडविण्याचा सराव मित्राला समोर बसवून करावा. वीज आणि नेट यांची पर्यायी सोय आधीच करून ठेवावी.

२. आरक्खसंपदा

राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस यांच्यापासून मिळकत सांभाळावी, असे सूत्रात म्हटले आहे. आजच्या चोरांची रूपे मात्र बदलली आहेत, आणि त्यांचे पहिले सावज नोकरी शोधणारा तरुणच असतो.

पहिला नियम असा की, खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. नोंदणी फी, सुरक्षा ठेव, संगणक पाठविण्याचा खर्च, प्रशिक्षणाचे शुल्क असे काही मागितले की तेथेच थांबावे. 'व्हिडिओ आवडल्याची खूण करा, पैसे मिळवा' अशी सुरुवात करून पुढे पैसे भरायला लावणारे टोळकेही दूरस्थ नोकरीचेच नाव घेते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो अडविता आला तरच हाती लागतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. 'आमच्या परदेशी कंपनीचे पैसे तुमच्या खात्यात येतील, तुम्ही दहा टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवा' अशी नोकरी देऊ केली जाते. ही नोकरी नव्हे. हा दुसऱ्या कोणाच्या लुटीचा पैसा असतो, आणि आपले खाते त्याचे वाहन होते. असे खाते गोठविले जाते, पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावाने येते, आणि पाच हजारांसाठी केलेली गोष्ट आयुष्यभराच्या चारित्र्य पडताळणीत आडवी येते. आपले खाते, पासबुक, एटीएम कार्ड, मोबाईलचे सिम कोणालाही वापरायला देऊ नये.

तिसरा धोका परदेशाचा. संगणकाची नोकरी म्हणून थायलंडला बोलवायचे आणि तेथून म्यानमारमध्ये नेऊन सायबर लुटीच्या कामाला जुंपायचे, असे प्रकार उघडकीस आल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने तरुणांना सावध करणारी सूचना काढली होती. घरून करण्याच्या कामासाठी आधी परदेशी या, असे कोणी म्हणत असेल तर त्यातच संशयाला जागा आहे.

चौथी गोष्ट शिकवणीच्या कर्जाची. 'आता शिका, नोकरी लागल्यावर फेडा' म्हणणाऱ्या कित्येक वर्गांत विद्यार्थ्याच्या नावाने वित्तसंस्थेचे कर्ज काढलेले असते. दीड लाख रुपये १४ टक्के व्याजाने दोन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे ७,२०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण सुमारे १,७२,८०० रुपये भरावे लागतात. नोकरी लागली नाही म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. हप्ते चुकले की पतनोंद बिघडते, आणि उद्या घरासाठी खरे कर्ज हवे असते तेव्हा ते नाकारले जाते. सही करण्यापूर्वी करारपत्र घरातल्या किंवा संस्थेतल्या जाणत्या माणसाला वाचायला द्यावे.

पाचवी गोष्ट कामाच्या कराराची. पैसे कोणत्या चलनात, कोणत्या तारखेला, किती दिवसांची पूर्वसूचना, आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमची मालकी कोणाची, दुसरे काम करण्यास मनाई आहे काय, हे पाहावे. एका नोकरीत असताना गुपचूप दुसरे काम घेतल्यावरून सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढल्याचे तिच्या अध्यक्षांनीच सांगितले होते. करारभंगही अदिन्नादानाच्या सीमेवरच येतो, हे आपण विसरू नये.

सहावी गोष्ट परदेशातून येणाऱ्या पैशाची. कंपनीला बँकेचा स्विफ्ट कोड आणि खात्यावरचे नाव अचूक कळवावे. रक्कम कशाबद्दल आली याचा सांकेतिक क्रमांक बँक विचारते. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी तो 'पी ०८०२' असा आहे. प्रत्येक रकमेबद्दल परकीय चलन आल्याचा दाखला बँकेकडून मागून जपून ठेवावा. विनिमयाच्या दरावरही लक्ष असावे. समजा बाजारात डॉलर ८५ रुपये आहे आणि आपल्याला ८३ चा दर लागला, तर १,००० डॉलरमागे २,००० रुपये न दिसता गेले. कंत्राटदाराचा आयकर पगारदाराप्रमाणे आपोआप पुरता कापला जात नाही. वर्षाचा कर १०,००० रुपयांहून अधिक होणार असेल तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च महिन्यांत आगाऊ भरावा लागतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जी.एस.टी. नोंदणीचा विचार करावा लागतो. यासाठी वर्षातून एकदा सनदी लेखापालाची फी देणे हा खर्च नसून रक्षणच आहे.

३. कल्याणमित्तता

येथे आपण सर्वांत दुबळे आहोत, आणि ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, पण खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. तेथील नोकऱ्या ओळखीने, शिफारशीने मोठ्या प्रमाणावर भरल्या जातात, आणि आपल्या मुलांच्या काका-मामांत अशा कंपन्यांत काम करणारे थोडेच असतात. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठविण्यात आले होते. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. परदेशी कंपनी म्हणजे जातीतून सुटका, असेही समजू नये. अमेरिकेतील सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करावी लागली, यावरून जात विमानातून किती दूर प्रवास करते हे दिसते.

मग उपाय काय? एक तर जेथे आधी काम पाहतात आणि मग नाव, अशी ठिकाणे निवडावीत. मुक्त सॉफ्टवेअरचे आम्ही एवढे सांगितले ते यासाठीच. तेथे केलेली दुरुस्ती स्वीकारली जाते ती तिच्या गुणावर. दुसरे, आपली शिफारसीची साखळी आपणच उभी करावी. जो लागला त्याने दोघांना मार्ग दाखवावा. अर्ज वाचून द्यावा, सरावाची मुलाखत घ्यावी, कंपनीत जागा निघाली की वस्तीत कळवावे. पात्र नसलेल्याची भलामण करावी असे आम्ही म्हणत नाही. पात्र असलेला ओळखीअभावी मागे राहू नये, एवढेच आम्ही म्हणतो.

तिसरे, एकाकीपणा. गिरणीत, रेल्वेत, बँकेत शेजारी माणूस असतो, युनियन असते, जयंतीची वर्गणी गोळा करणारा सहकारी असतो. घरून काम करणाऱ्याला यातले काहीच नसते. एका पत्राने नोकरी जाते आणि ते सांगायलाही समोर कोणी नसते. म्हणून दूरस्थ काम करणाऱ्याने विहारात येणे, संस्थेच्या कामात राहणे हे त्याच्या स्वतःच्या हिताचेही आहे.

४. समजीविता

तराजू धरणाऱ्याला पारडे किती खाली गेले आणि किती वर आले हे कळते, तसे गृहस्थाला आपले उत्पन्न आणि खर्च कळला पाहिजे, असा दृष्टान्त सूत्रात आहे. पगारदाराच्या भविष्यनिर्वाह निधीत मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १२ टक्के त्याचे आणि साधारण तेवढेच मालकाचे जातात. कंत्राटदाराचा मालक तो स्वतःच असतो, म्हणून दोन्ही वाटे त्यालाच भरायचे असतात. हाती आलेली रक्कम मोठी दिसते ती यामुळेच. ती सगळी आपली नसते. घरखर्च महिना २५,००० रुपये असेल तर सहा महिन्यांचे १,५०,००० रुपये वेगळे असावेत. दरमहा १२,५०० टाकले तर ते एका वर्षात साठतात. तोपर्यंत मोटारसायकलचा हप्ता नको. आरोग्य विमा घरातल्या सर्वांचा असावा. त्यानंतर सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी किंवा राष्ट्रीय पेन्शन योजना.

मेळ पैशाचा तसा वेळेचाही हवा. काम घरात आले की घर कामात बुडते. कामाचे तास ठरवून घरच्यांना सांगावेत. रात्रीचे काम असेल तर दिवसाची झोप सर्वांनी पाळावी. आपल्या मुलींना व सुनांना या कामामुळे मोठी संधी आहे. लग्नानंतर गाव बदलले तरी नोकरी सुटत नाही. परंतु 'घरीच तर असते' म्हणून स्वयंपाक, धुणी, पाहुणे सगळे तिच्यावरच टाकले, तर ती नोकरी टिकणार नाही. समता घराच्या उंबऱ्याच्या आतून सुरू व्हावी लागते.

सम्मा आजीव

उपजीविकेचे साधनही शुद्ध असावे, हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आली, पण त्याआधी ते खेळ कोणीतरी पगार घेऊन लिहिलेच होते. कर्जदाराच्या नातलगांचे फोन क्रमांक चोरून त्याची बदनामी करणारी कर्जाची ॲपेही कोणीतरी लिहितो. पैसा चांगला असला तरी गरिबाला नागविणारे यंत्र आपल्या हातून घडू नये. ज्या समाजाने सावकारी भोगली आहे, त्याच्या मुलाने हे अधिक ओळखले पाहिजे.

संस्थेने काय करावे

दूरस्थ कामाला लागते ती एक शांत खोली. आपल्या वस्तीतल्या दहा बाय बाराच्या घरात पाच माणसे असतात, तेथे ती कोठून येणार? म्हणून आमच्या पुढील सूचना आहेत.

१) विहाराची अभ्यासिका दिवसाही उघडी ठेवावी. तेथे ब्रॉडबँड, इन्व्हर्टर आणि मुलाखतीसाठी पडदा लावलेला एक कोपरा असावा.
२) सभासदांच्या वर्गणीतून वापरलेले पण चालू स्थितीतले दोन-तीन लॅपटॉप घेऊन पुस्तकांप्रमाणे मुदतीने द्यावेत.
३) या क्षेत्रात लागलेल्या मुला-मुलींची यादी करून महिन्यातून एका रविवारी त्यांनी नवख्यांचे काम तपासावे.
४) करारपत्र, कर्जपत्र, नेमणूकपत्र वाचून देण्यासाठी बँकेतील, वकिली करणाऱ्या व शिक्षक सभासदांची एक छोटी समिती असावी. सही करण्यापूर्वी तिच्याकडे यावे, असा प्रघात पडावा.
५) बार्टीसारख्या शासकीय संस्थांच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती फलकावर वेळेवर लावाव्यात.

व्यग्घपज्जाला तथागतांनी तळ्याचाही दृष्टान्त दिला होता. त्या तळ्याला पाणी आत येण्याच्या चार वाटा आहेत आणि बाहेर जाण्याच्याही चार. आत येण्याच्या वाटा बंद आणि बाहेरच्या उघड्या असतील तर, पाऊस पडला नाही की, तळे आटणारच. दूरस्थ रोजगार ही आत येणारी एक नवी वाट आहे. ती आपल्या वस्तीपर्यंत येऊ शकते, आपल्या लेकीला सासरच्या गावीही सापडू शकते. ती उघडण्यासाठी कौशल्य कमवावे लागेल, आणि आलेले पाणी वाहून जाऊ नये म्हणून एकमेकांना धरून राहावे लागेल. पहिले काम विद्यार्थ्यांचे आहे, दुसरे आपणा सर्वांचे.

जय भीम!